यादीबाहेरचा गोलकीपर

हाक कारभारीला होती आणि वळलो मी. मोंढ्यात सकाळचे अकरा वाजले असतील. मक्याची पोती काट्यावर चढत होती, हमाल घाईत होते, आडतीचा मुनीम वही उघडून बसला होता आणि मी, गेली चौदा वर्षं करतो तसं, काट्याचा दांडा स्थिर व्हायची वाट पाहत होतो. मापाड्याच्या धंद्यात कला म्हणावी अशी एवढीच गोष्ट आहे, दांडा थांबेपर्यंत आपणही थांबायचं. तेवढ्यात मागून कुणी तरी "ओ कारभारी!" म्हणून ओरडलं, माझी मान गर्रकन वळली आणि वजन सांगायचं राहून गेलं. मुनीम म्हणाला, "बद्रीभाऊ, तुम्हाला न्हाई हाक मारली." हमाल हसले. हसण्यासारखंच होतं. मोंढ्यात मी बद्रीभाऊ, रेशनकार्डावर बद्रीनाथ, आणि कौसल्या चिडली म्हणजे नुसता 'अवो'. कारभारी नावाची माणसं आमच्या भागात पायलीची पन्नास, रोज कुणी ना कुणी कुणाला तरी त्या नावाने हाका मारत असतं. मी कधी वळलो नव्हतो. पण ही हाक लांबून होती, उघड्यावर होती, आणि तिच्यात घाई होती. मैदानावर मारतात तशी हाक. मला काही कळायच्या आधी मान वळली, याचंच मला वाईट वाटलं. सोळा वर्षं झाली होती. मला वाटलं होतं ते नाव अंगातून गेलं.

हाक मारणारा रस्ता ओलांडून आला. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, काखेत रेक्झिनची बॅग. केस मागे गेलेले, पण खांदे रुंद आणि हात लांबच लांब. ते हात मी लगेच ओळखले. "तुमचा चेहरा काई केल्या आठवंना," तो ओशाळून म्हणाला. "म्हणलं आपलंच नाव घेऊन हाक मारून पाहावी. वळला तर तोच माणूस." म्हणजे तो खरा कारभारी होता. आयुष्यात आम्ही एकदाच भेटलो होतो, तेही अर्धा तास. मी मुनिमाला खूण केली, दुसऱ्या मापाड्याला काट्यावर उभं केलं आणि त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेलो. जाताना मला राग आला नव्हता, आनंदही झाला नव्हता. कुणाची तरी वस्तू आपल्याकडे राहिलेली असावी आणि मालक दारात यावा, तसं काहीसं झालं होतं. फक्त वस्तू नेमकी कुणाची आणि कुणाकडे राहिली होती, ते नीट सांगता आलं नसतं.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यापर्यंत जालन्यात कुंडलिका स्पोर्टिंग क्लब नावाची एक चीज होती. ती शेटच्या जिनिंग मिलची. शेटचे वडील हैदराबादला शिकायला होते, तिथून त्यांनी दोन नाद आणले, एक पानाचा आणि एक फुटबॉलचा. पानाचा त्यांच्याबरोबर गेला, फुटबॉलचा मागे राहिला. मिलच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पोरं खेळायची, त्यातली बरी असतील ती सरकीच्या गोदामात कामाला लागायची, आणि दरसाल दसऱ्यानंतर औरंगाबादला लीग सुरू झाली की हा संघ ब गटात खेळायचा. ब गटातून वर जाण्याची कुणाला घाई नव्हती आणि खाली जाण्याची भीती नव्हती, असं म्हणतात. त्या वर्षी ऑगस्टात शेटने अठरा जणांची फी भरली, अठरा जणांची यादी लीगच्या कचेरीत दाखल झाली, आणि महिन्याभरात मिलला बँकेचं सील लागलं. बँकेच्या माणसाने मालाची मोजदाद केली तेव्हा मैदानावरचे गोलचे खांबही सोडले नाहीत. 'लोखंडी पाइप, नग सहा' असं त्याने लिहून घेतलं आणि खांब उपटून गोदामात ठेवले. दसऱ्यापर्यंत अठरातले नऊ जण पांगले. कुणी भोसरीला, कुणी सुरतेला, एक परतूरला मेहुण्याच्या दुकानात. गोलकीपर कारभारी, वडीगोद्रीचा, त्याच पावसाळ्यात संघात आलेला, तो भोसरीला लेथवर गेला. यादी बंद झाली होती. नवं नाव घालता येत नव्हतं, आणि येत असतं तरी फी भरायला दिडकी नव्हती. लागोपाठ दोन सामन्यांना संघ उतरला नाही तर लीगमधून नाव कायमचं कटणार होतं.

सर्जेरावअण्णा मिलचे स्टोअरकीपर आणि क्लबचे चिटणीस. अंगाने किरकोळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. टिपटाप माणूस, नटबोल्टसुद्धा ज्या त्या डब्यात ठेवणारा. मिल बंद झाल्यावरही ते रोज सकाळी सील लावलेल्या फाटकापाशी येऊन बसायचे, कारण त्यांना दुसरीकडे कुठे बसायची सवय नव्हती. मी त्याच फाटकावर दोन हंगाम गाड्यांची नोंद करायला तात्पुरता होतो. टेंभुर्णीहून बी.कॉम. करायला आलो, बी.कॉम. काही झालं नाही, गावी परत जायला तोंड नव्हतं, म्हणून राहिलो. मी शाळेत असताना गोलमध्ये उभा राहायचो हे अण्णांना कुणी सांगितलं, ठाऊक नाही. त्यांनी माझी उंची विचारली. मग म्हणाले, "नावं जाग्यावर हायेत. माणसंच कमी पडून राह्यलेत. तू कारभारी हो." दुसरं काही विचारायची गरज त्यांना वाटली नाही. रिकामा डबा दिसला, त्यात बसेल ती वस्तू ठेवली. पण त्यांना एक अडचण मात्र टोचत होती. मी यादीत नाही, मग संघाबरोबर गाडीत कोणत्या नात्याने बसणार? रात्रभर विचार करून त्यांनी क्लबच्या छापील कागदावर चिटणिसांच्या खाली माझं नाव घातलं, बद्रीनाथ, सहचिटणीस. म्हणजे मैदानावर मी कारभारी, आणि गाडीत, कागदावर, माझा मी. ही लबाडी आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. उलट सगळं बराबर जुळलं म्हणून ते खूश होते.

आमच्या वेळी ब गटाला फोटोची ओळखपत्रं नव्हती. सामन्याआधी यादीवर सही केली की झालं. म्हणून मी कारभारीची सही शिकलो. त्याचा 'का' मोठा असायचा आणि काना पार खालच्या ओळीत उतरायचा. मी आठवडाभर एक वही भरली. सही करताना मला त्याच्याविषयी काही काही कळत गेलं. हा माणूस लिहिताना घाई करतो, याला जागा लागते, याला कुणाला भिऊन राहायची सवय नाही. माझी स्वतःची सही तेव्हा बारीक होती, अजून आहे. पॅसेंजरने जाताना अण्णांचा नियम होता, बदनापूर स्टेशन गेलं की खरी नावं बंद. त्यानंतर कुणी चुकून पुंजारामला पुंजाराम म्हटलं, तर अण्णा डोळे वटारायचे. पुंजाराम त्या वर्षी यादीवर शिवाजी होता. येताना बदनापूर आलं की सगळे आपापल्या नावावर यायचे आणि मग जेवणाचे डबे सोडायचे. मला ते येतानाचं बदनापूर आवडत नसे, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पहिला सामना पाच गोलांनी गेला, दुसरा चारांनी. तिसऱ्याला आम्ही सरकीच्या पेंडीच्या ट्रकमधून गेलो, कारण तिकिटांना पैसे नव्हते. पेंडीचा वास अंगाला असा बसला की समोरचा संघ कॉर्नरच्या वेळी नाक धरून उभा. चेंडू एकच होता. त्याचं ब्लॅडर सायकलच्या दुकानात पंक्चर काढून काढून जड झालं होतं, आणि सराव विटा मांडून व्हायचा, कारण खांब बँकेच्या ताब्यात. विटांच्या मध्ये उभं राहिलं की वर किती आणि खाली किती हे कळत नाही. सगळं अंदाजाने. दुष्काळी साल होतं, काळ्या जमिनीला हात हात भेगा. मी पडायचो तेव्हा कोपर त्यात जायचं. आणि तरीही, ही गोष्ट मी आज निर्विकारपणे सांगू शकतो, त्या अडीच महिन्यांत मी जितका मोकळा होतो तितका आधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. बद्रीनाथ म्हणून मी चेंडूवर झेप घेताना नेहमी एक क्षण मागे राहायचो, लागेल, हसतील, चुकेल. कारभारी म्हणून तसं नव्हतं. गोल झाला तर तो कारभारीवर झाला. शिव्या आल्या त्या वडीगोद्रीच्या कुळाला. मी बेधडक पुढे यायचो, पायात शिरायचो. पुंजाराम बॅकला असायचा, तो ओरडायचा, "कारभारी, निघ बाहेर! कारभारी, धर!" आणि मी धरायचो. डिसेंबरात एक सामना आम्ही बरोबरीत सोडवला, मग एक जिंकलो, मग परत बरोबरी. अण्णांनी सायकल विकली तेव्हा पुढच्या दोन सामन्यांची तिकिटं निघाली. त्यानंतर ते मिलच्या फाटकापर्यंत पायी यायचे आणि दवाखान्यातल्या बाईने चालायला सांगितलंय असं ठोकून द्यायचे.

चांगलं खेळायला लागलो तसं मात्र बिनसलं. वाईट खेळ दुसऱ्याच्या नावावर टाकता येतो तेव्हा माणूस हलका असतो. चांगला खेळ दुसऱ्याच्या नावावर जायला लागला की पोटात दुखतं. सामना संपल्यावर समोरच्या संघातला कुणी हात मिळवून म्हणायचा, "वा कारभारी," आणि मी मान डोलवायचो, आणि बदनापूर यायच्या आत मला त्या कधी न पाहिलेल्या माणसाचा हेवा वाटायला लागायचा. तो भोसरीला लेथवर उभा होता. त्याला पत्ताच नव्हता की इकडे तो किती भारी खेळतो आहे.

शेवटचा सामना जानेवारीत, औरंगाबादेत छावणीकडच्या मैदानावर. बरोबरी झाली तर ब गटात राहणार, हरलो तर खाली. मिलला सील, सहा गोलखांब बँकेत, अण्णांची सायकल गेलेली, अंगावर दोन सालांपूर्वीच्या जर्सी, आणि तरी आम्ही ब गटात राहायचं म्हणून जिवाच्या आकांताने धावत होतो. शेट असता तर त्यालाही हसू आलं असतं. पाच-सात मिनिटं राहिली असताना पुंजारामच्या हाताला चेंडू लागला आणि समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. ती अडवली गेली. बरोबरी झाली. रेफ्रीने शिट्टी वाजवल्यावर अण्णा मैदानात आले, माझ्याकडे न बघता यादीचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बाकावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका दैनिकात चार ओळी आल्या, त्यात कारभारीचं नाव दोनदा होतं.

पुढचं सगळं अण्णांच्या टापटिपीमुळे झालं. लीगने ब गटातला सर्वोत्तम गोलकीपर म्हणून प्रमाणपत्र पाठवलं. त्यावर कारभारीचं नाव, म्हणून अण्णांनी ते पाकिटात घालून वडीगोद्रीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. मी विचारलं तर म्हणाले, "ज्याचं नाव त्याचा कागद. आपल्याला दुसऱ्याची वस्तू ठेवता येत न्हाई." हे ते अगदी मनापासून म्हणाले. पंधरा दिवसांनी त्याच प्रमाणपत्रावरून विभागाच्या संघात कारभारीची निवड झाली, राज्याच्या स्पर्धेसाठी. तिथे शाळेचा दाखला लागणार होता, जन्मतारखेसाठी. आता मात्र नाव चालणार नव्हतं, माणूस लागणार होता. अण्णांनी भोसरीला तार केली. तो आला. मिलच्या फाटकापाशी अर्धा तास आम्ही समोरासमोर उभे होतो, त्याने विचारलं, "हातमोजे हायेत का?" आणि मी माझे दिले. तो गेला, राखीव म्हणून तीन सामने बाकावर बसला, आणि राज्य पातळीवर खेळल्याचा कागद घेऊन आला. तीन वर्षांनी खेळाडूंच्या राखीव जागेतून त्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, हे मला अण्णांकडूनच कळलं. तोवर क्लब नव्हता. पुढच्या ऑगस्टला फी भरता आली नाही आणि ब गटात टिकलेला आमचा संघ परत मैदानावर उतरलाच नाही. मी मापाड्याचं लायसन काढलं. त्या दिवशी, म्हणजे नोकरीचं कळलं त्या दिवशी, मी एका कागदावर सरकारला अर्ज लिहायला घेतला होता. 'सदर इसम हा त्या वर्षी खेळलेला नसून...' इथपर्यंत आलो आणि थांबलो. खेळला नाही तर मग कोण खेळलं, हे पुढे लिहावं लागलं असतं, आणि त्याला पुरावा नव्हता. कागद चुलीत घातला. पण तो अर्ज मी नंतर मनात कितीतरी वेळा पुरा केला. पोती मोजता मोजता केला.

हॉटेलात चहा आला तेव्हा कारभारीने बॅगेतून सरकारी पत्र काढलं. खोट्या प्रमाणपत्रांवर लोक नोकरीला लागले म्हणून सगळ्यांची तपासणी सुरू झाली होती, आणि त्यात कुणी तरी निनावी अर्ज केला होता की हा इसम त्या वर्षी खेळलाच नाही. क्लबच्या पदाधिकाऱ्याचा जबाब हवा होता. शेट गेले, अण्णाही दोन वर्षांपूर्वी गेले. छापील कागदावर तिसरं नाव माझं. "खोटं कशाला बोलू," तो म्हणाला, "दोन दिवस मला वाटलं, अर्ज तुम्हीच केला असंल."

"मी न्हाई केला," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय."

त्याने लगेच विश्वास ठेवला, त्यामुळे मला अवघडल्यासारखं झालं. माझ्या मनातला मजकूर कुणी तरी चोरून नेऊन टाकला होता एवढंच खरं. त्याची मुलगी डी.एड. करत होती, घराचं कर्ज होतं, नोकरी गेली असती तर घेतलेला पगारही परत मागणार होते. हे सगळं त्याने सांगितलं, पण रडगाणं लावलं नाही, त्याच्या सहीसारखंच मोकळं सांगितलं. मग म्हणाला, "हपिसात दरसाल मॅची व्हायच्या. मी एकदा बी उतरलो न्हाई. गुडघा गेला म्हणून सांगत आलो. तुमच्यावानी खेळलो न्हाई तर लोक म्हणतील, हाच का तो? गोलमधी उभा राह्यल्याला सोळा वर्षं झाली बघा. आणि मी चांगला होतो, बद्रीभाऊ. खरंच चांगला होतो."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला माझ्या पेनल्टीवर मजेत जगताना मनात पाहत आलो होतो, खुर्चीत बसून, पंख्याखाली. त्याने माझ्या भीतीने खेळ सोडला असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला त्याची दया आली नाही. पण हेवा होता तो जागचा उठून गेला, आणि तिथे काही नाही असं जाणवून मला जरा घाबरल्यासारखं झालं. इतके दिवस तो होता म्हणून मी काही तरी होतो.

तो पुढे वाकला. "मला सगळं नीट सांगा. त्या दिवशी काय काय झालं ते. सायेब विचारणार. मला बराबर पाठ करून जायचंय." मी सांगायला लागलो. ऊन पश्चिमेचं, तोंडावर. मारणारा काळा, जाडजूड, डाव्या पायाचा. रेफ्रीच्या शिट्टीला थुंकी अडकली होती, दोनदा वाजवावी लागली. मी उजवीकडे झेप घेतली. चेंडू मनगटाला लागून खांबाबाहेर गेला. मनगट सुजलं, अण्णांनी हळद बांधली. एवढंच. सोळा वर्षं मी ती पेनल्टी मनात घोळवली होती आणि सांगायला गेलो तर चहा निवायच्या आत संपली. कारभारीचं समाधान झालं नाही. "बघत कुठं होतात तुम्ही? त्याच्या पायाकडं का बॉलकडं?"

"आठवत न्हाई."

"मी असतो तर कमरेकडं बघितलं असतं," तो म्हणाला. "पाय फसवतो. कंबर न्हाई फसवत." आणि टेबलाखाली त्याचे पाय हलल्याचं मला कळलं.

घरी कौसल्याला सांगितलं. तिला लग्नानंतर वर्षभरात मी सगळं सांगून टाकलं होतं, तेव्हा तिने फक्त विचारलं होतं की मग तुमच्या आईला कुणी सांगितलं का तुम्ही पेपरात आलात म्हणून. आता तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "त्याची नोकरी गेली तर तुम्हाला लागणार हाय का?" ती म्हणाली. मी म्हणालो, तसं नाही. "मंग कसं हाय?" मी कचेरीत जबाब दिला नाही तर एका माणसाचं घर बसणार होतं. दिला तर ती पेनल्टी सरकारी कागदावर कायमची त्याची होणार होती, आणि तीही माझ्या सहीने. आतापर्यंत ती त्याची होती ती अण्णांच्या चुकीने. चुकीला कधी तरी दुरुस्ती असते, निदान मनातल्या मनात. माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं, हेच खरं दुखणं. मापाड्याने आयुष्यात जे मोजलं ते सगळं दुसऱ्याचं असतं. झोप आली नाही असं मात्र नाही. झोपलो, आणि पाच वाजता उठलो.

बसने गेलो. बदनापूर आलं आणि गेलं. कारभारी खिडकीशी बसून ओठ हलवत होता, ऊन पश्चिमेचं, डाव्या पायाचा, मनगट. मी एकदा म्हणालो, "हळद इसरू नका." त्याने मान हलवली. कचेरीत दोन तास बाकावर बसवलं. तपासणी अधिकारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला, बोलणं नेमकं. त्यांनी कारभारीला सुरुवातीलाच सांगितलं की मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तेव्हा पेनल्टी म्हणजे काय इथपासून सांगा. मी मनात म्हटलं, आता हा गडबडणार. पाठ केलेल्या माणसाला मुळापासून विचारलं की तो गडबडतो.

कारभारी उभा राहिला. "मॅडम, असं समजा हे टेबल म्हणजी गोल," तो म्हणाला, आणि टेबल आणि फायलींच्या कपाटाच्या मध्ये जाऊन उभा राहिला. गुडघ्यात वाकला. लांब हात बाजूला सोडले, बोटं उघडली. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. "मधी कुणी न्हाई. तो आणि मी. बारा पावलांवर बॉल. बाकी सगळे मागं. ऊन माझ्या तोंडावर, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. मी कमरेकडं बघत होतो. पाय फसवतो मॅडम, कंबर न्हाई. शिट्टी झाली, ती बी पहिल्यांदा वाजली न्हाई, थुंकी अडकली होती. परत वाजली. तो धावत आला. कंबर अशी वळली आणि मला कळलं. मी गेलो." आणि त्याने खरोखर अंग टाकलं. जमिनीवर नाही, कपाटावर उजवा हात आपटला, वरची फाइल खाली पडली. दाराशी उभा असलेला शिपाई आत डोकावला. कारभारी धापा टाकत सरळ झाला, बुशशर्ट पँटमधून बाहेर आलेला, आणि हसत होता. हळदीचं तो विसरला.

बाईंनी फाइल उचलून जागेवर ठेवली. काही लिहिलं. मग चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सहचिटणीस. हे तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंत?"

मी लगेच बोललो नाही. त्यांना वाटलं असेल मी खोटं बोलायला घाबरतो आहे. तसं नव्हतं. हॉटेलात कारभारीने विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हणालो होतो, पण मला आठवत होतं. मी कुठेच बघत नव्हतो. तो जाडजूड माणूस धावत आला तेव्हा मी घाबरून डोळे गच्च मिटले होते. कारभारी म्हणून मी कशालाच भीत नसे, पण त्या एका क्षणी मी बद्रीनाथ झालो आणि डोळे मिटून एका बाजूला पडलो. मनगटावर काही तरी आदळलं आणि लोक ओरडले, म्हणून मला कळलं. मैदानाभोवती शे-दीडशे माणसं होती. शिट्टीवाला होता, अण्णा होते, चणेवाला होता, त्या सगळ्यांनी ती पेनल्टी पाहिली होती. न पाहिलेला माणूस त्या दिवशी तिथे मी एकटाच होतो. सोळा वर्षं मी जे मनात घोळवत आलो ते फक्त मनगटाचं दुखणं होतं. बाकी दिसलं असं काही नव्हतं, म्हणूनच ती सांगताना लवकर संपायची. आणि आता या खोलीत, टेबल आणि कपाटाच्या मध्ये, मी पाहिलं. लांब हाताचा एक माणूस, डोळे उघडे, कंबर ओळखून गेला. सगळं दिसलं, चेंडूसुद्धा.

"पाह्यलं मॅडम," मी म्हणालो. बाई लिहायला लागल्या. तेवढ्यावर भागत होतं, पण मला राहवलं नाही. "लई भारी अडवला होता," मी म्हणालो.